एक पूर्ण शांत फेरी

बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा आहेत, हायड्रॉलिक सिलिंडर करणारे आहेत, पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारे आहेत. या शेजारात माझं काम पटकन कुणाला सांगता येत नाही. यंत्र आणि संगणक यांच्यामधला सॉफ्टवेअरचा जो थर असतो, डिव्हाइस ड्रायव्हर, तो मी लिहिते. असलं काम बंगळूरला नाहीतर पुण्याला बसून करायचं असतं, असं नातेवाइकांना अजून वाटतं. पण वजनकाटा निपाणीकडे, टेस्ट बेंच मच्छेत आणि सीएनसी मशीन सीमेपलीकडे शिनोळीत असेल, तर ड्रायव्हर लिहिणारीने इथेच असलेलं बरं. बिघाड तिथे होतो. माझ्या टेबलावर सगळं नेहमीच नीट चालतं.

ज्या तक्रारींसाठी मला बोलावणं येतं, त्यांतल्या पुष्कळशा शेवटी एका लहानशा फंक्शनपाशी येऊन थांबतात. ते म्हणजे इंटरप्ट हँडलर. जेमतेम पंधरावीस ओळींचा कोड. नवीन मुलं त्याबद्दल पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा: किती मायक्रोसेकंदांत संपला पाहिजे? प्रश्न चुकीचा नाही. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर माझ्या पाहण्यात असं आलंय, की वेग कमी पडल्यामुळे फसलेले हँडलर थोडे आणि क्रम चुकल्यामुळे फसलेले फार. ओळी सगळ्या बरोबर असतात, फक्त एकीच्या जागी दुसरी असते.

बाहेरच्या उपकरणाची खबर संगणकाला दोन रीतींनी मिळते. एक तर प्रोसेसरने थोड्या थोड्या वेळाने जाऊन काही आलंय का ते बघायचं. नाहीतर उपकरणाने स्वतःच एका तारेवर विजेचा इशारा द्यायचा. इशारा आला की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे सोडतो, ठरलेल्या पत्त्यावर जातो, तिथला कोड चालवतो आणि काही झालंच नाही अशा थाटात परत येतो. आमच्या पिढीने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजातल्या ८०८५ च्या किटवर. त्या चिपला इंटरप्टच्या पाच पिना होत्या. त्यांतल्या आरएसटी ७.५ ला सिग्नलची चढती कड लागायची, आरएसटी ६.५ आणि ५.५ ला सिग्नलची पातळी. परीक्षेसाठी हे पाठ करायचं आणि विसरायचं, असा रिवाज होता. पुढच्या आयुष्यात माझ्या पोटापाण्याचा निम्मा भाग या एका फरकावर चालणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

फरक असा. एक पाहुणा दारावरची बेल एकदा वाजवतो आणि गप्प उभा राहतो. दुसरा दार उघडेपर्यंत बटणावरचं बोट काढत नाही. पहिल्याची बेल तुमच्या कानावरून गेली तर तो रात्रभर बाहेर राहील. दुसऱ्याला आत घेतलं नाही, तर तुम्हाला घरात दुसरं काहीच करता येणार नाही. कडेवरच्या आणि पातळीवरच्या इंटरप्टचे सगळे रोग या दोन जातींत मोडतात: खबर हरवणं, नाहीतर खबरींचा लोंढा.

या गोष्टीची धास्ती घेणारी मी पहिली नाही. नेदरलँड्समध्ये १९५० च्या दशकात एक्स-१ हा संगणक घडत होता, तेव्हा एड्सगर डाइक्स्ट्रा त्याचं सॉफ्टवेअर लिहीत होता. सहकारी लूपस्ट्रा आणि स्खोल्टन यांनी यंत्रात इंटरप्टची सोय करायचं सुचवलं, त्याला डाइक्स्ट्राचा आधी विरोध होता. कारण सरळ होतं. प्रोग्राम कुठल्या दोन सूचनांच्या मध्ये तोडला जाईल हे आता प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती उरणार नव्हतं, आणि झालेली चूक पुन्हा घडवून दाखवणंही शक्य नव्हतं. शेवटी तो राजी झाला आणि त्या यंत्राच्या इंटरप्ट हाताळणीवरच १९५९ मध्ये त्याने पीएचडीचा प्रबंध लिहिला. चाचणी करून सापडणार नाही अशी चूक आधी विचाराने टाळली पाहिजे, हा त्याचा पुढचा आयुष्यभराचा हट्ट मला या अनुभवातूनच आलेला वाटतो.

आता निपाणीकडची गोष्ट. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर जुना औद्योगिक संगणक होता. त्यात आठ सिरियल पोर्टांचं आयएसए कार्ड. एका पोर्टावर भरगाडीच्या काट्याचा इंडिकेटर, दुसऱ्यावर रिकाम्या गाडीच्या काट्याचा, बाकीच्यांवर गाडीचं कार्ड वाचणारे रीडर आणि बाहेर शेतकऱ्यांना वजन दाखवणारा मोठा बोर्ड. गाडी काट्यावर स्थिर झाली की इंडिकेटर वजनाची एक ओळ पाठवायचा. हंगामात कधीतरी अचानक आठही पोर्ट एकदम गप्प व्हायचे. संगणक चालू, पडदा हलतोय, पण वजन येत नाही. बंद करून चालू केला की पुन्हा ठीक.

उसाच्या वजनाची बाब या भागात साधी नाही. काटामारीचा संशय प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात कायमचा असतो. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवून बसलेल्या निपाणीच्या शेतकऱ्यांची ही पुढची पिढी आहे. बोर्डावरचा आकडा अडकला आणि क्लार्कने वहीत हाताने वजन लिहायला घेतलं, की मागे ट्रॅक्टरांच्या रांगेत आवाज चढतो. त्या आवाजात ‘आयएसए कार्डाचा प्रश्न आहे’ हे वाक्य कुणाला सांगणार?

काट्यावरच्या क्लार्कमामांनी मात्र पहिल्याच भेटीत नेमकं सांगितलं होतं. “मॅडम, गर्दी झाली की बसतोय बघा ह्यो. दुपारच्याला येऊन बघशीला तर काय सुदीक दिसणार न्हाई.”

म्हणून रात्री बसले. पोर्ट गप्प झाले तेव्हा दोन गोष्टी पाहिल्या. लिनक्समध्ये कोणत्या ओळीवर किती इंटरप्ट आले याचा हिशेब एका फाइलीत मिळतो. कार्डाच्या ओळीचा आकडा थिजलेला होता. मग ऑसिलोस्कोपचा प्रोब कार्डाच्या इंटरप्टच्या पिनवर धरला. ती तार पाच व्होल्टला चढून तशीच उभी होती. म्हणजे कार्ड हाका मारत होतं आणि प्रोसेसरपर्यंत एकही पोचत नव्हती.

कार्डासोबत आलेला ड्रायव्हर उघडून वाचल्यावर उलगडा झाला. आठ पोर्टांना मिळून एकच इंटरप्टची तार. आयएसएवर इंटरप्ट कडेवर धरला जातो. तार खालून वर गेली, तेवढाच क्षण मोजायचा. हँडलर पहिल्या पोर्टापासून आठव्यापर्यंत एक फेरी मारत होता, ज्याच्याकडे काही असेल ते उचलत होता आणि निघून जात होता. वाचायला निर्दोष. पण समजा, हँडलर पाचव्या पोर्टाचं काम करतोय आणि तेवढ्यात, आधीच तपासून झालेल्या दुसऱ्या पोर्टावर अक्षर आलं. पाचव्याचं काम संपलं तरी दुसऱ्यामुळे तार वरच राहिली. हँडलर आठव्यापर्यंत जाऊन बाहेर पडला. तार खाली आलीच नाही, म्हणून पुन्हा वर जाण्याचा क्षणही आला नाही. इथून पुढे आठही पोर्ट मुके. दोन काट्यांवर एकाच वेळी गाड्या स्थिर होणं आणि काही मायक्रोसेकंदांची ती फट गाठणं, हा योग गर्दीतच जुळणार. क्लार्कमामांचं निदान अक्षरशः खरं होतं.

यावरचा उपाय जुना आणि ठरलेला आहे; लिनक्सच्या स्वतःच्या ८२५० सिरियल ड्रायव्हरातही हीच रीत आहे. एका फेरीवर थांबायचं नाही. कुठल्याही पोर्टाकडे काही सापडलं, की मोजणी नव्याने सुरू करायची. एक संपूर्ण फेरी अशी व्हायला हवी, की कुणाकडेच काही नाही. तेव्हाच बाहेर पडायचं. तार खाली आल्याची खात्री तिथेच मिळते. मात्र एखादा पोर्ट बिघडून सतत ‘माझ्याकडे आहे’ म्हणत राहिला, तर हँडलर आतच फिरत राहील. म्हणून फेऱ्यांना कमाल मर्यादा घालायची आणि ती ओलांडली तर नोंद करून बाहेर पडायचं.

सिरियल पोर्टाच्या चिपमध्ये क्रमाचे आणखी धडे आहेत. कोणत्या कारणाने इंटरप्ट आला हे सांगणाऱ्या रजिस्टरात सगळ्यात खालचा बिट उलटा चालतो: काम असेल तर शून्य, नसेल तर एक. शिवाय प्रत्येक कारण मिटवायची रीत वेगळी. आलेलं अक्षर उचललं की त्याची हाक थांबते. ओळीवर चूक झाली असेल तर लाइन स्टेटस रजिस्टर वाचल्यावर थांबते, आणि त्या वाचण्यानेच चुकीची खूणही पुसली जाते. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या कामासाठी ते रजिस्टर सहज वाचलं आणि किंमत जपून ठेवली नाही, तर अक्षर हरवल्याचा पुरावा आपणच नष्ट केला. वजनाच्या ओळीतला एक आकडा गळला आणि गळल्याची खूणही गेली, तर चुकीचं वजन खरं म्हणून छापलं जाईल. काटा बंद पडलेला परवडला, पण हे नाही.

दुसऱ्या जातीचा रोग मच्छेतल्या एका हायड्रॉलिक टेस्ट बेंचवर भेटला. तिथे दाब आणि प्रवाह मोजणारं पीसीआय कार्ड होतं. पीसीआयच्या तारा पातळीवर चालतात आणि दोनचार उपकरणं एकच तार वाटून घेतात. इथे कार्डाची वाटणी नेटवर्कशी होती. तक्रार अशी की वीज जाऊन आली की नेटवर्क बंद पडतं. नेटवर्कवाल्याने केबल बदलली, स्विच बदलला. टेस्ट बेंचवर कुणाचा संशय जायचं कारणच नव्हतं.

लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदीत मात्र अमुक ओळीची कुणालाच पर्वा नाही, अशा अर्थाची एक ओळ होती. लिनक्स तार वाटून घेणाऱ्या प्रत्येक हँडलरला विचारतो: हा तुझा का? प्रत्येकाने आपल्या उपकरणाचं रजिस्टर पाहून हो किंवा नाही सांगायचं. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, तर कर्नल ती ओळच बंद करून टाकतो. एक लाख हा आकडा मोठा वाटतो, पण पातळीवरचा इशारा खाली बसत नसेल तर तो गाठायला सेकंददेखील पुरतो.

बेंचच्या, आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या ड्रायव्हरात तीन कामं या क्रमाने होती: कार्डाला इंटरप्ट द्यायची परवानगी, मग सेन्सरचं कॅलिब्रेशन, मग हँडलरची नोंदणी. एरवी कॅलिब्रेशन जुनंच वापरलं जायचं, त्यामुळे मधली फट नगण्य. वीज जाऊन आली की ते नव्याने व्हायचं आणि त्याला काही सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात कार्डाने तार ओढून धरलेली, कार्डाचा हँडलर अजून नोंदलेला नाही, आणि नेटवर्कचा हँडलर प्रामाणिकपणे ‘माझा नाही’ म्हणतोय. लाख भरले, ओळ बंद, तिच्याबरोबर नेटवर्कही बंद. दुरुस्ती जवळजवळ सगळी क्रमाचीच होती. आधी उपकरण गप्प करायचं, मग कॅलिब्रेशन, मग हँडलरची नोंदणी आणि सगळ्यात शेवटी उपकरणाला बोलायची परवानगी. ड्रायव्हर काढून घेताना याच्या उलट: आधी उपकरण गप्प, मग नोंदणी रद्द, मागे राहिलेली कामं संपल्याची खात्री, आणि हे सगळं झाल्यावरच मेमरी परत.

अशा वेळी एक पळवाट नेहमी सुचवली जाते. हँडलरने काहीही न पाहता ‘माझाच’ म्हणून टाकावं, म्हणजे कर्नल ओळ बंद करणार नाही. तक्रार थांबते, पण कर्नलला संकट ओळखायची जी एकमेव खूण होती ती गेली. पुढच्या वेळी लोंढा आला तर नेटवर्क बंद पडण्याऐवजी आख्खं यंत्रच गोठेल आणि नोंदीत काहीही सापडणार नाही. तार वाटून घेणाऱ्यांनी ‘नाही’ खरं बोललं पाहिजे.

पीसीआयवर आणखी एक फसवं वळण आहे. ‘खबर मिळाली, आता हाक थांबव’ असं उपकरणाच्या रजिस्टरात लिहिलं, तरी ते लिहिणं वाटेतल्या ब्रिजमध्ये थोडं रेंगाळू शकतं. हँडलर परत गेला तेव्हा तार अजून ओढलेलीच; म्हणून तो पुन्हा बोलावला जातो आणि या वेळी काहीच सापडत नाही. ही भुतं घालवायची रीत सोपी आहे: लिहून झालं की त्याच उपकरणाचं एखादं रजिस्टर वाचायचं. आधीचं लिहिणं पोचल्याशिवाय वाचलेलं उत्तर परत येत नाही.

वेगाचं म्हणाल, तर तो हिशेब कागदावर मांडता येतो आणि म्हणूनच तो मला कमी छळतो. ९६०० बॉडला एक अक्षर यायला मिलिसेकंदाहून किंचित जास्त लागतं. १,१५,२०० ला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. १६५५० चिपमध्ये सोळा अक्षरांची जागा असते. चौदा भरल्यावर हाक मारायला सांगितली, तर उरलेली दोन भरेपर्यंतचा अवधी आपला. हँडलरने तेवढ्यात अक्षरं उचलून रांगेत ठेवायची. वजनाची ओळ जुळवणं, तपासणं, फाइलीत लिहिणं हे सगळं नंतर, दुसऱ्या कोडने. लिनक्समध्ये २००९ पासून हँडलरचा हा मागचा भाग स्वतंत्र थ्रेडमध्ये चालवायची सोय आहे. नव्या कामात मी शक्य तिथे तीच घेते. हँडलरमध्ये झोपायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तरी बिघाड शोधताना तिथेच छापायची एक ओळ टाकायचा मोह होतो. सिरियल कन्सोलवर ९६०० ला साठ अक्षरांची ओळ छापायला साठेक मिलिसेकंद जातात. तेवढ्यात सगळ्या वेळा सरकतात आणि बिघाड एकतर नाहीसा होतो नाहीतर दुसराच उभा राहतो. मी हँडलरमध्ये फक्त आकडे वाढवते आणि ते बाहेरून वाचते.

कुलुपांतही, म्हणजे एका वेळी एकालाच रांगेला हात लावू देणाऱ्या लॉकमध्येही, क्रमच महत्त्वाचा. हँडलर आणि बाकीचा ड्रायव्हर एकाच रांगेला हात लावत असतील, तर बाकीच्या ड्रायव्हरने कुलूप घेताना त्या कोरवरचे इंटरप्ट आधी थांबवले पाहिजेत. नाहीतर कुलूप हातात असताना त्याच कोरवर इंटरप्ट येतो, हँडलर त्याच कुलपाची वाट बघत फिरत राहतो आणि कुलूप सोडणारा खाली गाडलेला असतो. चार कोरांच्या लॅपटॉपवर हे महिनोन्‌महिने दिसत नाही. कारखान्यातल्या एका कोरच्या पेटीवर काही वेळा प्रकार आणखी वाईट: तिथल्या कर्नलमध्ये ते कुलूप नावालाच असतं, त्यामुळे हँडलर अडकत नाही, अर्धवट बदललेली रांग खरी मानून सरळ पुढे जातो.

सगळा दोष कोडचाच असतो असंही नाही. एका ओतशाळेत साच्यांची मोजणी करणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर जास्त मोजायचा. इंडक्शन फर्नेस चालू असतानाच. मी हँडलरमध्ये दोन कडांमधला कमीत कमी वेळ तपासायची तयारी करत होते, तेव्हा तिथला वायरमन म्हणाला, “कोड ऱ्हावू दे की ओ मॅडम. शील्ड दोन्हीकडं अर्थ करून ठेवल्यात बघा.” एका टोकाचं अर्थिंग सोडवलं आणि जादा मोजणी गेली. वेळेची तपासणी मी तरीही ठेवली, पण आकडा खरा केला तो त्याने. इथे काम करायचा फायदा हाच. सिग्नल कुठून आणि कसा येतो हे माहीत असलेला माणूस दहा पावलांवर असतो. त्याचं ऐकलं तर ड्रायव्हर लहान राहतो.

माझ्याकडे कॉलेजातून येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा कोड लिहायला देत नाही. एक हँडलर कागदावर छापून देते आणि सांगते, प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलीने रेघ मार. त्या रेघेवर नवा इंटरप्ट आला तर काय होईल? दुसऱ्या कोरवर हाच हँडलर नाही तरी बाकीचा ड्रायव्हर चालू असेल तर? केबल तिथेच तुटली तर? उत्तर लिहायचं, ‘होणार नाही’ हे उत्तर धरलं जात नाही. पहिल्या दिवशी कंटाळतात. मग कुणीतरी अशी एक रेघ शोधून काढतं जिथे खरोखर खबर हरवते, आणि त्यानंतर त्या मुलाला किंवा मुलीला वेगाबद्दल प्रश्न पडत नाहीत.

काम सोपवण्याआधीच्या चाचण्याही मी याच विचाराने ठरवल्यात. सगळे पोर्ट एकाच वेळी भरून वाहते ठेवायचे. चालू असताना केबल उपसायची आणि परत लावायची. वीज घालवून आणायची. डेटा येत असतानाच ड्रायव्हर काढायचा आणि पुन्हा बसवायचा. काट्याचं काम असेल तर हे सगळं हंगामात, रांग लागलेली असताना, क्लार्कसमोर करायचं. मालक म्हणतात, एवढी उठाठेव कशाला, टेबलावर तर चाललं. या चाचण्यांतून ड्रायव्हर बरोबर असल्याचं सिद्ध होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. ते काम पेन्सिलीच्या रेघांचं. चाचण्यांनी एवढंच कळतं, की कागदावर केलेला विचार त्या काट्याला लागू आहे की नाही. दोन्ही झाल्याशिवाय मी बिल पाठवत नाही, आणि उशीर झाला म्हणून बिलातले पैसे कापून घ्यायला माझी तयारी असते.